कर्णधाराने न ऐकलेला आवाज

‘सागरिका’ व्हिक्टोरिया बंदरात शिरू लागली तेव्हा डेकवरच्या नऊशे प्रवाशांच्या माना वर होत्या. सेशेल्सचे ते गर्द झाडीचे, मधूनमधून काळा खडक दाखवणारे डोंगर अगदी शहराच्या डोक्यावर उभे होते आणि त्यांच्या माथ्याला ढगांचे पुंजके अडकून बसले होते. एकट्या हरेश्वर तोडणकरची नजर खाली, धक्क्यावर होती.

“अहो, वर बघा ना जरा. आंबोलीसारखं वाटतंय की नाही?” नयना म्हणाली.

“दहाला उतरायला मिळेल म्हणालेत,” हरेश्वर म्हणाला.

नयनाने प्रश्न पुन्हा विचारला नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. कोणता प्रश्न पुन्हा विचारायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे तिला नेमकं कळत होतं.

एवढ्यात कॅप्टनची घोषणा झाली. आपल्याला ठरलेला धक्का मिळणार नाही, एक युद्धनौका काल अचानक बंदरात आली आहे, त्यामुळे आपण पलीकडच्या टोकाला लागू, थोडा उशीर होईल, क्षमस्व. ‘युद्धनौका’ हा शब्द ऐकताच डोंगर बाजूला पडले. सगळी गर्दी कठड्याच्या एका बाजूला धावली.

“आपलीच आहे! तिरंगा बघा, तिरंगा!” नाशिकचे एक गृहस्थ ओरडले. त्यांच्या पत्नीने घाबरून विचारलं, “म्हणजे युद्ध लागलं-बिगलं की काय? इतक्या लांब कशाला आलीय ती?”

हरेश्वरला ती केव्हाच दिसली होती. करडी, निमुळती, डेकवर माणसांची वर्दळ जवळजवळ नाही. पाठीमागे नाव होतं, ‘वाशिष्ठी’. लग्न करून दिलेली लेक परक्या गावच्या बाजारात अवचित समोर यावी, तसं त्याला झालं. या नौकेवर त्याने एक दिवसही नोकरी केली नव्हती. पण त्याचा कान तिच्यात बसवलेला होता.

“ही त्यातलीच का हो?” नयनाने विचारलं. या वेळी ती त्याच्या समोर येऊन, तोंड त्याच्याकडे करून बोलली होती.

“चारातली पहिली,” तो म्हणाला.

बासष्ट वर्षांच्या हरेश्वरने आयुष्याची बत्तीस वर्षं नौदलाच्या इंजिनरूममध्ये काढली होती. दाभोळच्या खाडीकाठचा हा माणूस साधा खलाशी म्हणून भरती झाला आणि चीफ म्हणून बाहेर पडला. चालत्या इंजिनाशेजारून जाताना तो मध्येच थांबायचा, मान तिरकी करायचा आणि सांगायचा, “डावीकडचा तिसरा पंप उघडा.” उघडला की खराबी सापडायची. सगळ्या गोदीत त्याला ‘कान’ म्हणत. कानाला बोलवा, कानाला विचारा.

पुढे चार नव्या नौका आल्या. त्यांच्या इंजिनरूममध्ये माणूस बसणार नव्हता. जागोजागी बसवलेले दोनशे-अडीचशे सेन्सर रात्रंदिवस सगळं ऐकणार होते. पण ऐकणं ही अडचण नव्हतीच. चालत्या जहाजात क्षणाक्षणाला हजार आवाज होतात, त्यातल्या कुठल्या आवाजाकडे लक्ष द्यायचं, हा प्रश्न होता. आधीची यंत्रं प्रत्येक खुट्ट आवाजाला धोक्याची घंटा वाजवायची. माणसं वैतागून घंटाच बंद करून टाकायची.

तेव्हा ‘कर्णधार’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. प्रयोगशाळेतल्या लोकांना एक गोष्ट ठाऊक होती. माणसाला काही वेगळं, खटकणारं ऐकू आलं की जेमतेम पाव-एक सेकंदात त्याच्या मेंदूतून विजेची एक बारीक लहर उठते. आपल्याला काही खटकलंय, हे त्या माणसाला स्वतःला कळायच्याही आधी. ही लहर कपाळाभोवती बांधलेल्या पट्ट्याने पकडता येते. त्यांनी हरेश्वरला तो पट्टा बांधला आणि अडीच वर्षं त्याला नाना इंजिनांच्या मधून फिरवलं. कुठल्या आवाजाला त्याच्या मेंदूत लहर उठते आणि कुठल्या आवाजावरून तो शांतपणे पुढे जातो, हे यंत्र शिकत गेलं. ज्याला लहर उठते ते महत्त्वाचं, ज्याला कधीच उठत नाही ते निरर्थक. अडीच वर्षांनी यंत्र तोडणकरांसारखंच ऐकू लागलं. प्रकल्प संपला तेव्हा त्याला सन्मानपत्र मिळालं आणि ते नयनाने बैठकीच्या खोलीत लावलं.

*

उतरल्यावर बाजार बघायचा आणि मग वनस्पती उद्यानातली राक्षसी कासवं बघायची, असं नयनाने ठरवलं होतं. पण बंदराच्या फाटकाकडे जाण्याचा रस्ता ‘वाशिष्ठी’च्या शेजारूनच होता. हरेश्वरची चाल मंदावली. नयना पुढे गेली, थांबली, मागे वळली.

“तुम्ही कबूल केलं होतंत. सुट्टीत इंजिन नाही.”

“मी कुठे काय म्हणालो? नुसता चालतोय.”

तेवढ्यात शिडीवरून एक तरुण बाई तरातरा खाली उतरली. पांढरा गणवेश, डोळे जागरणाने लाल. ती हरेश्वरसमोर येऊन थबकली.

“चीफ? तोडणकर चीफ! तुम्ही इथं कसे?”

ती गौतमी शेजवळ. प्रकल्पाच्या वेळी ती नुकतीच नौदलात आलेली सबलेफ्टनंट होती आणि रोज सकाळी हरेश्वरच्या कपाळाला तो पट्टा बांधायचं काम तिच्याकडे होतं. मूळची परभणीची. आता ती लेफ्टनंट कमांडर झाली होती आणि ‘वाशिष्ठी’च्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी तिच्यावर होती.

“सुट्टीवर आलोय, मॅडम. ही आमची मंडळी,” हरेश्वर म्हणाला.

“मॅडम काय हो, गौतमी म्हणा. काकू, नमस्कार.” ती हसली, पण हसू टिकलं नाही. “चीफ, देवानंच पाठवलं बघा तुम्हाला. आम्ही काही ठरवून आलेलो नाही. परवा इथून दोनशे मैलांवर गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं. इंजिनरूममध्ये तेलाचा धूर. दोघं आत गेले होते, त्यातल्या एकाचे हात पोळले. इथल्या दवाखान्यात आहे, बरा आहे आता. पण अजून दहा मिनिटं गेली असती तर आग लागली असती.”

“कर्णधार काय म्हणाला?”

“काहीच नाही.” गौतमीने आवाज खाली आणला. हरेश्वरला पुढचं नीट कळेना, म्हणून तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. “शेवटची तीन मिनिटं तापमान वाढलं, तेव्हा ती साधी तापमानाची घंटा वाजली. कर्णधार गप्प. आता चौकशी बसलीय. सगळ्यांचं म्हणणं एकच, कर्णधार चुकणार नाही, म्हणजे सेन्सरची देखभाल नीट झाली नसेल. म्हणजे मी. पण मी एकूण एक सेन्सर तपासलेत चीफ, सगळे धड आहेत. तुमचा कान आहे तो. तुमच्याकडून असं बेअरिंग कधी सुटलं असतं का? एकदा ते ध्वनिमुद्रण ऐका. एकच तास.”

हरेश्वरने नयनाकडे पाहिलं. नयनाने त्या मुलीच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

“एक तास,” ती म्हणाली. “आणि मी पण येणार. उन्हात एकटी काय करू?”

*

कप्तानाची परवानगी घेऊन गौतमीने दोघांना वर नेलं. तिचं ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीत बसवलेले दोन स्पीकर. नयनाला चहा आला. गौतमीने बेअरिंग जाण्याआधीच्या सहा तासांचं ध्वनिमुद्रण लावलं.

हरेश्वर डोळे मिटून ऐकू लागला. गिअरबॉक्सची जाड, भरल्या पोटाची घरघर. त्याखाली पंपांचा ताल. त्याला बरं वाटलं. किती दिवसांनी ऐकत होता तो हे!

“हे कर्णधारानं गाळलेलं आहे ना? मला कच्चं लावा. सगळं, जसंच्या तसं,” तो म्हणाला.

गौतमीने कच्चं लावलं. आवाज दुणावला, पण हरेश्वरच्या दृष्टीने फरक काही नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याने डोळे उघडले.

“यंत्र ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “यात काहीही नाही. तुमचा सेन्सर चुकीच्या जागी असेल.”

गौतमीचा चेहरा उतरला. आणि तेव्हा नयनाने चहाचा कप खाली ठेवला.

“ती मध्येमध्ये शिट्टी कसली वाजतेय?”

“कसली शिट्टी?” हरेश्वर म्हणाला.

“ही काय. आत्ता वाजली. आणि ही बघा परत. टिटवी लांबवर ओरडावी तशी. मघापासून येतेय, मला वाटलं असायचीच असेल.”

गौतमी स्पीकरला जवळजवळ कान लावून उभी राहिली. “येतेय,” ती हळूच म्हणाली. “बारीक आहे, पण येतेय. काकू, थांबा.” तिने पडद्यावर त्या आवाजाचा आलेख काढला. सेकंदाला सहा हजार कंपनांच्या आसपास एक बारीक रेघ सहा तास आधीपासून उमटत होती आणि तासागणिक ठळक होत गेली होती. गौतमीने त्या रेघेवर बोट ठेवलं. शेजारी कर्णधाराचा शेरा उमटला. निरर्थक. प्रत्येक वेळी, सहाच्या सहा तास, निरर्थक.

“सेन्सरनं पकडलंय! कर्णधारानं ऐकलंय!” गौतमी म्हणाली. “ऐकून सोडून दिलंय. का पण? बेअरिंग खराब व्हायला लागतं तेव्हा सगळ्यात आधी असाच वरच्या पट्टीचा आवाज येतो, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? मग त्याला हे निरर्थक का वाटावं?”

स्पीकरमधून टिटवी ओरडत होती. नयना ऐकत होती, गौतमी ऐकत होती. हरेश्वरला फक्त भरल्या पोटाची घरघर ऐकू येत होती, निरोगी आणि शांत.

“प्रयोगशाळेला कळवते,” गौतमी म्हणाली. “दोन-चार दिवसांत काहीतरी सांगतील. थँक्यू चीफ. काकू, तुम्ही आला नसतात तर...” तिने वाक्य अर्धवट सोडलं. बाहेर पडताना हरेश्वरचा पाय उंबऱ्याला अडखळला. जहाजाच्या उंबऱ्याला तो बत्तीस वर्षांत कधी अडखळला नव्हता.

*

वनस्पती उद्यान बंदरापासून फार लांब नव्हतं. आत दुहेरी नारळाची उंच माडासारखी झाडं होती आणि दगडी कुंपणात ती कासवं, एकेक घंगाळ उलटं घातल्यासारखं. नयनाने तिकडे न जाता सावलीतलं एक बाक शोधलं. हरेश्वर बसला.

“शिट्टी तुम्हाला ऐकू आली नाही,” नयना म्हणाली.

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात.” त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. “बारीक आवाज जाऊन खूप वर्षं झाली, नयना. इंजिनाशेजारी जन्म काढला की जातात सगळ्यांचेच, कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा. कानात आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. वरच्या पट्टीच्या आधी मरतात. मेल्या की परत येत नाहीत.”

“पण तुमची कानांची तपासणी व्हायची ना दरवर्षी?”

“काचेच्या खोलीत बसवतात. डॉक्टर बाहेर. आवाज सोडला की त्यांच्या पुढ्यातला हिरवा दिवा लागतो. ऐकू आलं की आपण बटण दाबायचं. डॉक्टरांना चष्मा होता. चष्म्यात दिवा दिसायचा.”

“प्रकल्पाच्या आधीसुद्धा?”

“प्रकल्पाच्या आधीसुद्धा.”

नयनाने त्याच्याकडे पाहिलं नाही. “आपल्या दारावरची चिमणीची बेल मी का बदलली असं वाटतं तुम्हाला?”

“बिघडली म्हणालीस.”

“बिघडली नव्हती. तुम्हाला यायची नाही ऐकू. मग टिंगटाँगची आणली, तीही थोड्या वर्षांनी येईनाशी झाली. आता आहे ती गिरणीच्या भोंग्यासारखी. शेजारच्या दामले वहिनी दचकतात, पण तुम्ही उठून दार उघडता.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“तुम्ही कोचीहून बदलून आलात त्या वर्षापासून.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“काय बोलू?” नयनाचा आवाज किंचित चढला. “सगळी गोदी तुम्हाला कान म्हणायची. तोच गेला म्हटल्यावर तुमचं काय राहिलं असतं? सगळ्यांना मी सांगायचे, ह्यांचं लक्ष नसतं, हे ऐकत नाहीत. ऐकू येत नाही, असं एकदाही म्हटलं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही.” ती थांबली. “तेव्हा वाटायचं, तुम्हाला सांभाळतेय.”

एक मोठं वटवाघूळ भर उन्हात पंख पसरून झाडांवरून गेलं. हरेश्वरला आता सगळं स्पष्ट दिसत होतं आणि ते फार सोपं होतं. वरच्या पट्टीचा आवाज त्याच्या मेंदूपर्यंत पोचलाच नव्हता, मग लहर उठणार कुठून? अडीच वर्षांत एकदाही उठली नाही. यंत्राने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला, की या आवाजांना अर्थ नसतो. पुढे यंत्राची परीक्षा झाली, तीही त्याच्याच निर्णयांवर. परीक्षक तो आणि उत्तरपत्रिकाही त्याचीच. स्वतः तो इतकी वर्षं निभावून नेत होता ते हाताने. बोलता बोलता यंत्रावर तळवा टेकवायचा, थरथर वाचायचा. तो हात कोणी यंत्राला दिला नव्हता.

“मुलंबाळं नाहीत आपल्याला,” तो म्हणाला. “वाटायचं, एक गोष्ट मागे ठेवून आलोय. मी गेल्यावरही राहील अशी. आणि ठेवलं काय, तर बहिरेपण.”

नयनाने त्याचा हात हातात घेतला. आजूबाजूला परदेशी माणसं होती, तरी घेतला.

“एकटे तुम्ही नाही ठेवलंत,” ती म्हणाली. “मीही होते त्यात.”

“चार नौका आहेत, नयना.”

“हो.”

“आणि त्या मुलीला अजून वाटतंय, तिचंच काहीतरी चुकलं.”

“हो.”

हरेश्वर उठला. “तुझी कासवं राहिली.”

“शंभर-दीडशे वर्षं जगतात म्हणे ती,” नयना पर्स खांद्याला लावत म्हणाली. “थांबतील. जहाज सहाला सुटतंय, ते नाही थांबायचं. चला.”

*

कप्तान पन्नाशीचे, कमी बोलणारे केरळी गृहस्थ होते. हरेश्वरने त्यांच्यासमोर उभं राहून सगळं हिंदीत सांगितलं. डॉक्टरांचा चष्मा, हिरवा दिवा, सगळं. सांगताना त्याचा आवाज एकदाच अडखळला, गौतमीकडे नजर गेली तेव्हा.

“किती वर्षं लपवलंत?” कप्तानांनी विचारलं.

“आठ, साहेब. प्रकल्प धरून.”

“हे सिद्ध करता येईल?”

नौकेवरच्या डॉक्टरीणबाईंनी शांत कोठडीत हरेश्वरची श्रवणचाचणी घेतली. त्याने हेडफोन लावले आणि डोळे गच्च मिटून घेतले. दोन-तीनदा बटण दाबलं. मग बराच वेळ शांतता होती आणि त्या शांततेत आपल्याला आवाज सोडले जात आहेत, एकामागून एक, हे त्याला ठाऊक होतं. त्याने बोट हलवलं नाही. इतकी वर्षं जी शांतता तो टाळत आला होता, ती अशी होती. वाटली होती तेवढी भयंकर नव्हती.

आलेख निघाला. डावीकडे, जाड आवाजांपाशी रेघ वर होती. तीन हजार कंपनांनंतर ती कोसळली, सहा हजारांपाशी खोल खड्डा आणि आठ हजारांजवळ पुन्हा किंचित उंचवटा. गौतमीने कर्णधार कुठल्या पट्टीच्या आवाजांना किती महत्त्व देतो, याची रेघ काढली आणि ती पडद्यावर पहिल्या रेघेवर ठेवली.

हरेश्वरची रेघ थोडी खाली होती, मधल्या वर्षांत कान आणखी गेले होते. पण आकार तोच. तोच खड्डा, तोच उंचवटा. एकाच माणसाचे दोन वेगवेगळ्या वयांतले फोटो असावेत तसे.

“सेन्सर धड होते,” कप्तान गौतमीला म्हणाले. तेवढंच. पण गौतमीने खुर्ची ओढली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ती खाली बसली.

पुढच्या अर्ध्या तासात बाकीच्या तिन्ही नौकांना संदेश गेले. कर्णधाराच्या भरवशावर राहू नका, कच्चं ध्वनिमुद्रण ऐका, ऐकायला तरुण माणसं बसवा. हरेश्वरने त्यात एक ओळ घालायला लावली: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ऐका. चारच्या सुमाराला विशाखापट्टणमहून उत्तर आलं. ‘काजळी’च्या उजव्या गिअरबॉक्समध्ये तशीच शिट्टी सापडली होती, अगदी सुरुवातीची. ती नौका दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे दहा माणसं घेऊन निघणार होती. आता निघणार नव्हती.

कप्तानांनी तो कागद वाचला आणि हरेश्वरपुढे ठेवला. “अहवालात तुमचं नाव येईल, चीफ. मला ते टाळता येणार नाही.”

“यायलाच पाहिजे, साहेब.”

“आज कोणी तुम्हाला परत बोलावलं नव्हतं. तुम्ही आपण होऊन आलात. तेही येईल.” त्यांनी हात पुढे केला.

शिडीपर्यंत गौतमी सोडायला आली. तिला बरंच काही बोलायचं असावं, पण ती एवढंच म्हणाली, “रागावले नाही असं म्हटलं तर खोटं होईल, चीफ. दोन दिवस मी स्वतःलाच खात होते.”

“रागवा. हक्क आहे तुमचा,” हरेश्वर म्हणाला.

“उद्या रागावते. आज त्या पोराला दवाखान्यात जाऊन सांगायचंय, त्याची काही चूक नव्हती म्हणून. त्यालाही आपलंच चुकलं असं वाटत होतं.” मग ती नयनाकडे वळली. “काकू, तुम्ही काय करायच्या हो? नोकरी?”

“प्राथमिक शाळेत होते. तेहतीस वर्षं.”

“वाटलंच. पंचावन्न पोरांच्या कल्लोळात शेवटच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते तुम्हालाच कळणार.”

‘सागरिका’ सहाला सुटली. जेवणघरात त्या रात्री हरेश्वरने दोनदा भात घेतला. नाशिकच्या गृहस्थांनी विचारलं, “काय हो, युद्धनौका कशाला आली होती, कळलं का?” तर तो म्हणाला, “कान दाखवायला.” त्यांना ती थट्टा वाटली आणि ते मोठ्याने हसले. नयनाही हसली, आणि तिच्या पाठोपाठ हरेश्वर.

*

चौकशी चार महिने चालली. सन्मानपत्र परत मागितलं गेलं नाही. हरेश्वरनेच ते उतरवलं आणि कपाटात ठेवलं. भिंतीवर राहिलेल्या चौकोनावर नयनाने दिनदर्शिका लावली.

त्याने श्रवणयंत्रही घेतलं. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, सहा हजारांच्या आसपासचं जग त्याच्यासाठी गेलं ते गेलंच. पण जे उरलं होतं ते नीट लागलं. स, श, फ, थ हे उच्चार वरच्या पट्टीतले, तेच इतकी वर्षं गळत होते. नयना तोंडातल्या तोंडात बोलते, अशी त्याची जुनी तक्रार होती. ती चांगली खणखणीत बोलत होती, असं निघालं. पहिल्या आठवड्यात तो तिला उगाचच काहीबाही विचारायचा, उत्तर ऐकायला मिळावं म्हणून. ती वैतागली, पण उत्तरं देत राहिली.

प्रयोगशाळेने कर्णधार मोडीत काढला नाही. त्याला पुन्हा शिकवायचं ठरलं. पण या वेळी एका माणसाकडून नाही, कारण एका माणसाचा कान घेतला की त्याची उणीवही घ्यावी लागते. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या कामातली अकरा माणसं निवडली गेली. गौतमीने बारावं नाव सुचवलं. नयना आधी नाही म्हणाली, मला इंजिनातलं काय कळतंय म्हणाली. मग एका सोमवारी सकाळी ती प्रयोगशाळेच्या समुद्राकाठच्या मोठ्या शेडमध्ये कपाळाला पट्टा बांधून उभी राहिली. तिच्या शेजारी हरेश्वर होता. तिला काय ऐकू येतं त्याला नाव द्यायला कोणीतरी हवंच होतं.

पंप सुरू झाला. हरेश्वरने त्याच्या पोटावर तळवा टेकवला. नयनाने भुवया आक्रसल्या.

“काहीतरी आहे,” ती म्हणाली. “ओला खडू फळ्यावर ओढावा तसं.”

“सलग?”

“नाही. येतंय, जातंय. एखादं मूल पाय ओढत चालतं ना, तसं. एक पाऊल नीट, एक ओढत.”

हरेश्वरने तळव्याखालची फेरी मोजली. तिला हाताने ताल धरायला सांगितला. ती टाळी देत गेली आणि तो फेऱ्यांशी ती जुळवत गेला.

“मागचं बेअरिंग,” तो तंत्रज्ञाला म्हणाला. “एक गोळी गेली असणार. उघडा.”

उघडायला तास लागला. बेअरिंगच्या गोळ्या फडक्यावर मांडल्या. सातव्या गोळीवर मोहरीएवढा खड्डा होता. नयनाने ती चिमटीत धरून खिडकीपाशी नेली आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

“एवढ्याशासाठी एवढा ओरडा?”

“एवढासाच आहे तोवर ऐकू आला, म्हणून बरं,” हरेश्वर म्हणाला.

तंत्रज्ञाने दुसरा पंप सुरू केला. नयना परत आपल्या जागी येऊन उभी राहिली. तिने डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली. हरेश्वरने पंपावर हात ठेवला आणि ती काय सांगते ते ऐकायला तिच्या जवळ सरकून उभा राहिला.